सीलबंद कॉमिक घेताना आधी नंबर तपासा

मागच्या महिन्यात नाशिकरोडच्या एका मित्राला ऑनलाइन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं, १० पैकी ९.४ ग्रेडचं परदेशी कॉमिक मिळत होतं. डबी चकचकीत, भावही बरा. पैसे पाठवण्याआधी त्याने मला फोटो दाखवले, तेव्हा मी त्याला एकच सांगितलं: लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक सीजीसीच्या, म्हणजे कॉमिक तपासून ग्रेड देणाऱ्या आणि डबीत सील करणाऱ्या कंपनीच्या, साइटवर टाक.

नाव, अंक, ग्रेड जुळतंय ना, हे बघाच. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण खरा नंबर खोट्या लेबलावरही छापता येतो. साइटवर त्या प्रतीचा फोटो असेल तर कण्यावरच्या बारीक पांढऱ्या रेघा आणि कोपऱ्यातली घडी समोरच्या प्रतीशी ताडून पाहा. या खुणा प्रत्येक प्रतीच्या वेगळ्या असतात. फोटो नसेल तर विक्रेत्याकडून उजेडात, डबीच्या चारही कडांचा व्हिडिओ मागवा. कड उचकटलेली किंवा डिंकाचा डाग दिसला की व्यवहार सोडा.

लेबलाचा रंगही बघा. निळं म्हणजे साधी प्रत, जांभळं म्हणजे डागडुजी केलेली, पिवळं म्हणजे साक्षीदारासमोर सही घेतलेली. जांभळ्याला निळ्याचा भाव कधीही देऊ नका.

आणि घरी इंद्रजालचा जुना वेताळ असेल, तर फाटलेल्या कण्याला चिकटपट्टी लावू नका, कृपा करा! ती पिवळी पडते, कागद खाते. ॲसिडमुक्त पिशवीत घाला, मागे पुठ्ठा द्या, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, उभं ठेवा.