वाफसा, मेण आणि घोड्याचा खूर : कृत्रिम धावपट्टीच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकत असताना ‘वाफसा’ हा शब्द इतका अंगवळणी पडला होता की परीक्षेत त्याची व्याख्या लिहिताना कंटाळा येत असे. जमीन ना चिखल ना ढेकूळ, कुळव घातला की भुसभुशीत सुटेल, अशी ती ओलाव्याची अवस्था वडील मूठभर माती दाबून ओळखत. पुढे केंटकी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी लेक्सिंग्टनला आले आणि तेथील कृषी अभियांत्रिकीच्या विभागात घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्ट्यांचा अभ्यास होतो हे कळले, तेव्हा घोड्याशी माझा संबंध लग्नाच्या वरातीपुरताच होता. पशुवैद्यकाची पदवी नसताना या क्षेत्रात काय करता येते, असे विद्यार्थी मला अजूनही विचारतात. पशुवैद्य घोड्याचा पाय पाहतो. आपण तो पाय जेथे टेकतो ती जागा पाहतो, आणि ती पाहायला मातीचे शास्त्र येणारी माणसे कमीच आहेत, एवढे त्याचे थोडक्यात उत्तर आहे.

प्रथम मातीची धावपट्टी समजून घ्यावी, कारण कृत्रिम पट्टीचे सगळे गुणदोष तिच्याशी तुलना केल्यावरच उमगतात. अमेरिकेतील मातीच्या पट्टीत कठीण थरावर वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा तीन-चार इंचांचा मोकळा थर असतो. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात त्यावरून कुळव फिरवतात आणि टँकरने पाणी मारतात. येथे कणांना धरून ठेवण्याचे काम पाणी करते, म्हणजे पट्टीला दिवसभर वाफशावर ठेवणे हीच खरी कसोटी असते, आणि आमच्या रानातला शब्द या कामाला जितका नेमका बसतो तितका इंग्रजीतला एकही शब्द मला सापडलेला नाही. कृत्रिम पट्टीत सिलिका वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे यांवर मेणाचा लेप असतो. हा चार ते सात इंचांचा थर बहुधा सच्छिद्र डांबराच्या पायावर पसरलेला असतो, त्याखाली निचऱ्याचे पाइप असतात आणि पावसाचे पाणी उतारावरून वाहून न जाता सरळ खाली मुरते. पॉलिट्रॅक, कुशन ट्रॅक, प्रो-राइड ही या पट्ट्यांची व्यापारी नावे आहेत. इंग्लंडचे नामवंत ट्रेनर मायकल डिकिन्सन यांनी अमेरिकेत मेरीलँडमध्ये घडवलेल्या टपेटाचे नाव गालिचा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतले आहे.

नवख्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. या पट्ट्यांचा जन्म घोड्यांच्या सुरक्षेसाठी झाला नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात जमीन गोठली की शर्यती रद्द होत, बेटिंगच्या दुकानांना धंदा उरत नसे आणि त्या पैजांवरील आकारणीतून खेळाला मिळणारा पैसाही आटत असे. म्हणून १९८९ मध्ये लिंगफील्ड आणि साउथवेल येथे ‘ऑल-वेदर’ पट्ट्यांवर शर्यती सुरू झाल्या. सुरक्षेचा मुद्दा अमेरिकेत पुढे आला. केंटकीतील टर्फवे पार्कने २००५ मध्ये तेथील पहिली पॉलिट्रॅक बसवली. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या घोडेशर्यत मंडळाने आपल्या मोठ्या रेसकोर्सना २००७ अखेरपर्यंत कृत्रिम पट्टी बसवण्याचा आदेश दिला. हॉलिवूड पार्क, डेल मार, सांता अनिता आणि गोल्डन गेट फील्ड्स येथे निरनिराळी मिश्रणे एवढ्या घाईत पडली की ती त्या त्या हवामानात कशी वागतील, हे तपासायला कोणाला सवडच मिळाली नाही. सांता अनिताला २००८ च्या जानेवारीत पाऊस आला, पट्टीतून पाण्याचा निचरा होईना आणि शर्यतीचे दिवस रद्द करावे लागले. ऑल-वेदर म्हणवणाऱ्या पट्टीवर कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशात ही वेळ यावी, हे आमच्या वर्गात पुढे अनेकदा उदाहरण म्हणून येत असे.

मेणाचा स्वभाव मी पुस्तकातून कमी आणि एका चुकीतून जास्त शिकले. एका रेसकोर्सवर मला आठवडाभर मोजमापे घेण्याचे काम दिले होते. आमच्या यंत्रात खुराच्या आकाराचा एक भाग तिरप्या दांड्यावरून वजनासह पट्टीवर आदळतो आणि उभ्या व आडव्या दिशेचे बल नोंदले जाते. सरपट धावणाऱ्या घोड्याच्या पुढच्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, त्याची ती जमेल तितकी नक्कल असते. मी जागा, खोली आणि वेळ सगळे नेटकेपणाने लिहिले, परंतु पट्टीचे तापमान लिहिले नाही. मातीच्या पट्टीवर मी ओलावा लिहिला नसता तर कोणीही मला हाकलले असते. येथे ओलाव्याची जागा तापमानाने घेतली आहे, हे माझ्या डोक्यात उतरलेच नव्हते. मेण एका ठरावीक अंशाला वितळत नाही, ते बऱ्याच मोठ्या टप्प्यात हळूहळू मऊ होत जाते, त्यामुळे पहाटे सरावाच्या वेळची पट्टी आणि दुपारी उन्हातली पट्टी या जवळजवळ दोन वेगळ्या पट्ट्या असतात. डेल मारला २००७ च्या उन्हाळ्यात हेच घडले होते : सकाळी वेगवान वाटणारी पट्टी दुपारच्या शर्यतीत संथ होई आणि ट्रेनर मंडळी वैतागत. माझी सबंध आठवड्याची मोजमापे फुकट गेली, आणि मार्गदर्शकांनी न रागावता ती मला पुन्हा घ्यायला लावली. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

आता आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलाखतीत उमेदवार येथेच घसरतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबची घोड्यांच्या दुखापतींची नोंदवही २००९ पासूनच्या शर्यतींचे आकडे देते. एका घोड्याने एका शर्यतीत घेतलेला भाग म्हणजे एक ‘स्टार्ट’, आणि मृत्यूचे प्रमाण दर १,००० स्टार्टमागे सांगतात. २०२२ मध्ये हे प्रमाण मातीवर १.४४, गवतावर ०.९९ आणि कृत्रिम पट्टीवर ०.४१ होते. हे वाचून कोणीही म्हणेल की सगळीकडे कृत्रिम पट्टी टाका. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, मातीवर १.४३, गवतावर १.१३ आणि कृत्रिम पट्टीवर ०.९७ अशी नोंद झाली. एका वर्षात कृत्रिम पट्टी दुपटीहून अधिक घातक झाली काय? तसा निष्कर्ष काढता येत नाही. कृत्रिम पट्टीवर होणाऱ्या शर्यती मुळातच थोड्या असल्याने काही घोड्यांच्या मृत्यूनेही तिचे प्रमाण बरेच हलते, म्हणून एका वर्षाकडे न पाहता सलग अनेक वर्षांकडे पाहावे लागते. तसे पाहिले तर कृत्रिम पट्टी मातीपेक्षा सुरक्षित असल्याचे चित्र टिकून राहते, आणि माझेही मत तेच आहे. मात्र प्राणघातक अस्थिभंगांपैकी बहुतेक ठिकाणी हाडाला आधीपासूनच बारीक इजा झालेली असते, हे पशुवैद्यांनी शवविच्छेदनातून दाखवलेले आहे. पट्टी ही त्या साखळीतील एक कडी आहे. उलट, कृत्रिम पट्टीवर खूर कमी घसरतो आणि लवकर थांबतो, त्यामुळे मागच्या पायांच्या आणि स्नायुबंधांच्या तक्रारी वाढतात, असे अनेक ट्रेनर सांगत आले आहेत. त्यांचे बोलणे नोंदवहीत दिसत नाही म्हणून उडवून लावू नये, कारण नोंदवहीतून जाहीर होणारे आकडे मृत्यूंचे असतात, लंगडण्याचे नसतात.

पैज लावणाऱ्यांचा राग मला सुरुवातीला क्षुल्लक वाटे, पुढे त्यातले तथ्य कळले. अमेरिकेतील मातीवर आघाडी घेणाऱ्या घोड्याला फायदा मिळतो, मागच्यांच्या तोंडावर माती उडते आणि शर्यतीचा अंदाज बांधण्याचे तेथील सारे शास्त्र या सुरुवातीच्या वेगावर उभे आहे. कृत्रिम पट्टीवर सुरुवात संथ, शेवट वेगवान आणि घोड्यांमधले अंतर कमी, म्हणजे चाल गवतासारखी. लेक्सिंग्टनच्या कीनलंड रेसकोर्सने २००६ मध्ये पॉलिट्रॅक बसवली तेव्हा पहिल्याच हंगामात सुरुवातीपासून पुढे राहून जिंकणारे घोडे विरळ झाले आणि जुने जाणकार हैराण झाले. २००८ ची ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतील मोठी शर्यत सांता अनिताच्या प्रो-राइडवर झाली. पहिले दोन्ही घोडे, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर, युरोपच्या गवतावर वाढलेले होते आणि लोकांचा लाडका कर्लिन चौथा आला. उलट दिशेचे उदाहरण ॲनिमल किंगडमचे : टर्फवेच्या पॉलिट्रॅकवर जिंकून तो २०११ च्या केंटकी डर्बीत उतरला, मातीवरची ती त्याची पहिलीच शर्यत होती, आणि वीसास एक अशा भावाने तो जिंकला. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या पैजेच्या खिडकीवर, पैसे लावणाऱ्याला पट्टी वाईट आहे याचे दुःख नसते. आज ती कशी आहे हे कळत नाही, याचे असते. आम्हालाही नेमके तेच कळून घ्यायचे असते, त्यामुळे तापमानाच्या आणि कुळवणीच्या नोंदी उघडपणे जाहीर कराव्यात, असे मी जेथे बोलता येईल तेथे बोलते. पावसामुळे गवतावरची शर्यत मातीऐवजी कृत्रिम पट्टीवर हलवली तर कमी घोडे माघार घेतात, म्हणून पैजाही टिकतात, हा हिशेबही रेसकोर्सचे व्यवस्थापन करतच असते.

तरीही सांता अनिताने २०१० अखेर, कीनलंड व दुबईच्या मेदानने २०१४ मध्ये आणि डेल मारने २०१५ मध्ये कृत्रिम पट्टी काढून माती घातली. केंटकी डर्बी मातीवर होते, त्यामुळे घोड्यांची पैदास करणाऱ्यांना माती हवी असते, हे त्यामागचे मोठे कारण होते; देखभालीचा खर्च हे दुसरे. टर्फवेने मात्र २०२० मध्ये टपेटा घातली, आणि तेथील हिवाळी रात्रींच्या शर्यती मी अनेकदा कुडकुडत पाहिल्या आहेत.

या कामाकडे वळायचे असेल तर मृदा-यांत्रिकी, संख्याशास्त्र आणि पदार्थांच्या उष्णता-गुणधर्मांचा एखादा विषय पदवीतच घ्यावा. २०२२ च्या जुलैपासून अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरचे सुरक्षानियम लागू झाले आणि पट्टीच्या तपासण्या व दैनंदिन नोंदी सक्तीच्या झाल्या, त्यामुळे मोजमापे करणाऱ्यांची गरज वाढली आहे. दिवस पहाटे चारला सुरू होतो. सरावाच्या वेळी पट्टी ओलांडताना घोड्याला आधी वाट द्यावी, आणि ज्या पट्टीवर आपण काम करतो तेथे पैज लावू नये. नियम काहीही असो, मी स्वतः लावत नाही.

भारतात परतून हे काम करता येईल का, हे मला नेहमी विचारले जाते. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती गवतावर होतात, वाळूवर सराव चालतो, आणि पुण्याचा हंगाम तर ऐन पावसाळ्यातला. शर्यतीच्या दिवशी तेथे पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. टोकदार दांडा जमिनीत किती रुततो त्याचे ते माप. सुट्टीत गेले की मी तो आकडा वहीत लिहून घेते आणि रात्री वडिलांना फोनवर सांगते. ते त्यावरून वाफसा झाला की नाही एवढेच विचारतात.