कामाच्या दिवसांतील स्वयंपाकाची आखणी: लहान मुले असलेल्या घरांसाठी

कामावरून घरी पोहोचल्यापासून मूल भुकेने रडकुंडीला येईपर्यंत जेमतेम पाऊण तास हाती असतो, आणि 'आज काय करायचे' हा प्रश्न त्याच पाऊण तासात सोडवायला घेतला की स्वयंपाक कितीही सोपा असला तरी संध्याकाळ विस्कटते. एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी आखणीचा खरा उपयोग हा प्रश्न आदल्या दिवशी किंवा आठवड्याच्या सुरुवातीलाच मिटवण्यासाठी होतो. नव्या पाककृती गोळा करणे त्यानंतरचे काम आहे. आठ-दहा रोजचे पदार्थ येत असतील तर सुरुवातीला तेवढे पुरतात.

आधी घड्याळ, मग पदार्थ

या वयाच्या मुलांना एका वेळी फारसे खाता येत नाही, त्यामुळे त्यांना साधारण दर अडीच-तीन तासांनी, म्हणजे दिवसातून तीन जेवणे आणि दोन लहान खाणी, अशा बेताने द्यावे लागते. आखणी करताना रात्री झोपण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे: मूल आठला झोपत असेल तर जेवण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान व्हावे आणि दुपारचे खाणे साडेतीनच्या पुढे सरकू नये. जेवणाआधी तासभर बिस्किटे किंवा दूध हातात दिले गेले, की ताटातील भाजी नकोशी होणे स्वाभाविक आहे. त्यात भाजीचा किंवा स्वयंपाक करणाऱ्याचा दोष नसतो.

दुधाचा हिशेबही इथेच करावा. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरेसे असते. त्याहून बरेच जास्त दूध प्यायल्यास पोट भरते आणि दुधात लोह फारच कमी असल्याने लोहाची कमतरता होण्याचा धोका वाढतो. दोन खाण्यांच्या मध्ये तहानेसाठी पाणीच द्यावे.

घरातील मोठी माणसे उशिरा परतत असतील तर एक तडजोड चांगली चालते: मुलाचे मुख्य जेवण पाच-साडेपाचलाच उरकावे आणि सर्वजण जेवायला बसतील तेव्हा त्याला शेजारी बसवून ताटातील दोन घास द्यावेत. एकत्र जेवण्याचा आग्रह धरून मुलाला आठपर्यंत उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

पाच दिवसांची चौकट

सोमवार ते शुक्रवार पाच वेगवेगळे पदार्थ ठरवण्याऐवजी प्रत्येक वाराला जेवणाचा एक प्रकार नेमून द्यावा. उदाहरणार्थ, सोमवारी मासे किंवा पालेभाजी, मंगळवारी डाळ किंवा कडधान्य, बुधवारी एकाच भांड्यात शिजणारा भाताचा प्रकार, गुरुवारी अंडी किंवा पनीर, आणि शुक्रवारी फ्रीझरमध्ये ठेवलेले तयार अन्न. प्रत्येक प्रकाराखाली दोन पदार्थ लिहिले की पंधरवड्याची आखणी पूर्ण होते. प्रकार ठरलेला असल्याने निर्णय फक्त दोहोंतून एकाचा उरतो, आणि पदार्थ बदलत राहिल्याने कंटाळाही येत नाही.

वारांचा क्रम लावताना काय लवकर खराब होते ते पाहावे. पालेभाज्या आणि ताजे मासे आठवड्याच्या आरंभी, तर कोबी, गाजर, भोपळा, बटाटे आणि गोठवलेले मटार शेवटी. शुक्रवार मुद्दाम हलका ठेवलेला आहे, कारण आठवडाभराच्या थकव्यानंतर त्या संध्याकाळी नवे काही रांधण्याचे ठरवणे म्हणजे ते मोडण्याचीच तयारी.

चौकट तयार झाली की ती एका कसोटीवर तपासावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहारातील विविधता मोजताना अन्नाचे आठ गट धरतात: आईचे दूध; धान्ये व कंदमुळे; डाळी, कडधान्ये, दाणे व बिया; दूध व दुधाचे पदार्थ; मांस व मासे; अंडी; 'अ' जीवनसत्त्वाने समृद्ध फळे व भाज्या; आणि इतर फळे व भाज्या. यांपैकी किमान पाच गट दिवसभरात पोटात जावेत, अशी अपेक्षा असते. ही मोजणी दिवसाची असल्यामुळे रात्रीच्या एकाच ताटात सर्व काही बसवण्याची धडपड करू नये. ज्या घरी मांसाहार होत नाही तिथे मात्र लोहाकडे अधिक लक्ष द्यावे: डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, पण सोबत टोमॅटो, लिंबू किंवा संत्रे असे 'क' जीवनसत्त्व असलेले काही असेल तर ते बरेच चांगले शोषले जाते.

कडधान्यांच्या वाराला आदल्या रात्रीचे काम जोडलेले असते, आणि बहुतेक आखण्या तिथेच फसतात. राजमा भिजवायला विसरले तर संध्याकाळी काही उपाय उरत नाही. शिवाय कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असलेल्या विषारी घटकामुळे उलट्या होतात, म्हणून भिजवलेले पाणी टाकून देऊन तो किमान दहा मिनिटे खळखळ उकळावा आणि पुढे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेवर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नये.

स्वयंपाक एकच, वाटा वेगळा

मुलासाठी रोज वेगळा पदार्थ करणे हा या वयातील सर्वांत महागडा परिपाठ आहे: वेळ दुप्पट जातो आणि मूल घरच्या अन्नाला सरावत नाही. त्याऐवजी प्रत्येक पदार्थात 'मुलाचा वाटा कधी काढायचा' ही जागा ठरवावी. मीठ आणि तिखट शेवटी घालण्याची सवय लावली, की त्याआधी एक वाटी बाजूला काढता येते आणि उरलेल्या भांड्यात मोठ्यांच्या चवीचे हवे ते घालता येते. वर्षाआतील बाळाच्या अन्नात मीठ घालू नये. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभरात २ ग्रॅमहून जास्त मीठ मिळू नये. हे प्रमाण अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी आहे आणि त्यात पाव, चीज, सॉस यांतील मीठही धरलेले आहे. सौम्य मसाल्यांना मात्र मनाई नाही, आणि मुलांचे अन्न मुद्दाम बेचव ठेवण्याचे कारणही नाही.

वाटा काढल्यावर तो कापण्याकडे लक्ष द्यावे, कारण घास घशात अडकण्याचा धोका या वयात खराच असतो. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करावीत, गाजर व सफरचंद यांसारखे टणक पदार्थ वाफवून मऊ करावेत किंवा किसावेत. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. त्यांची बारीक पूड किंवा पातळ लावलेले दाण्यांचे लोणी चालते. मक्याच्या लाह्या (पॉपकॉर्न) आणि टणक गोळ्या टाळाव्यात. वर्षाआतील बाळाला मध देऊ नये. मूल बसूनच खाईल आणि कोणीतरी समोर असेल, एवढा नियम प्रत्येक जेवणाला पाळावा.

सुट्टीच्या दिवशीचा एक तास

आठवड्याची तयारी म्हणजे पाच पूर्ण पदार्थ रांधून ठेवणे नव्हे. एक कडधान्य उकडून घ्यावे, कांदा-टोमॅटोचा एक साधा रस्सा करून ठेवावा आणि दोन टिकाऊ भाज्या चिरून ठेवाव्यात. या तीन गोष्टींतून निदान तीन वेगळी जेवणे निघतात.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, फ्रिजचे तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे, आणि असे अन्न तीन-चार दिवसांत संपवावे. रविवारी शिजवलेले बुधवारपर्यंत चालते. गुरुवार-शुक्रवारसाठीचा भाग त्याच दिवशी लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. भाताची गोष्ट वेगळी आहे. तांदळातील 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात आणि भात बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा आणि एकदाच, वाफा निघेपर्यंत गरम करावा. मुलाच्या ताटात उष्टे उरलेले अन्न परत डब्यात घालू नये.

ताटात किती आणि कसे

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते, तर दुसऱ्या वर्षात ते अवघे दोन-अडीच किलोंनी वाढते. भूक कमी झाल्यासारखी वाटते ती यामुळे. वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, हे सुरुवातीचे माप समजून त्याच अंदाजाने रांधावे आणि मागितल्यास पुन्हा वाढावे.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी इथे उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ही वाटणी निभावण्यासाठी प्रत्येक ताटात मूल हमखास खाते असा एक पदार्थ असावा, मग तो साधा भात असो वा दही. नवा पदार्थ त्याच्या शेजारी अगदी थोडा ठेवावा आणि आग्रह करू नये. एखादी चव स्वीकारायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. नवा पदार्थ आठवड्यात एकच असावा. गोडाचे आमिष दाखवून भाजी संपवून घेतली तर मुलाच्या मनात गोडाचीच किंमत वाढते. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावे आणि दुसरा पदार्थ करायला उठू नये, कारण पुढचे खाणे दोन-तीन तासांवर असतेच. वजन घटत असेल, घास गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा मूल अन्नाचे गटच्या गट नाकारत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

ही सर्व आखणी फ्रिजच्या दारावर लावलेल्या एका कागदावर मावते. पाच वारांच्या पाच ओळी आणि चार रकाने पुरेत: रात्रीचे जेवण, आदल्या रात्री काय भिजवायचे किंवा फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायचे, मुलाचा वाटा कधी काढायचा, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कशात वापरायचे. जो पदार्थ सलग दोनदा टळला तो पुढच्या पंधरवड्याच्या कागदावर लिहू नये, तो मुलाच्या कितीही आवडीचा असला तरी.