गोल्फ हा खरा खेळ आहे का? सायकलवाल्यांसाठी तपासायची रीत

सायकलवाल्यांच्या गप्पांत गोल्फचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: "त्यात कसला आलाय खेळ? घाम तरी येतो का?" मी नाशिकला शाळेत पीटी शिकवते, रविवारी सायकलवर असते आणि माझा धाकटा दीर गोल्फ खेळतो. त्यामुळे हा वाद आमच्याकडे जेवतानाही होतो. वाद जरूर घालावा, पण नीट घालावा. एखाद्या गोष्टीला खेळ म्हणायचं की नाही, हे तपासायची जी रीत मी वर्गात वापरते, तीच इथे देते.

सुरुवातीला घामाचा मुद्दा एकदाचा निकालात काढा. गोल्फमध्ये 18 होलची, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांची, फेरी चालत पूर्ण केली तर आठ-दहा किलोमीटर चाल होते, चार-पाच तास लागतात, आणि शरीराला स्वस्थ बसण्याच्या चौपटीहून थोडे जास्त श्रम पडतात. ताशी 20-22 किलोमीटरने सायकल चालवली तर ते आठपट होतात. शर्यतीच्या वेगाला त्याच्याही दुप्पट. म्हणजे घामावर ठरवायचं तर सायकल जिंकली, त्यात वादच नाही. पण मग हमालीही खेळ ठरेल, आणि नेमबाजी बाद होईल. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा त्याला घाम किती आला, असं महाराष्ट्रात कुणीही विचारलं नाही.

ऑलिंपिकचा दाखलाही पुरा पडत नाही. सायकलिंग 1896 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. गोल्फ 1900 आणि 1904 ला होता, मग थेट 2016 ला रिओत परतला. मधली 112 वर्षं तो खेळ नव्हता का? आणि 1912 ते 1948 या काळात तर चित्रकलेलाही ऑलिंपिक पदकं होती.

आता खरी तपासणी. कुठल्याही खेळाला एकच प्रश्न विचारा: कोणती मदत दिली की हा सामना संपतो, म्हणजे त्यात काही अर्थच उरत नाही? ज्या मदतीने सामना संपतो, तीच गोष्ट तो खेळ मोजत असतो. मग ती गोष्ट माणसाच्या शरीराची आहे का, एवढंच बघायचं.

सायकलला विचारून पाहा. हलकी फ्रेम, गिअर, पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवणं, सगळं चालतं. मोटर मात्र चालत नाही. 2016 साली बेल्जियममधल्या सायक्लोक्रॉस (चिखलमातीतल्या सायकल शर्यती) विश्वविजेतेपद स्पर्धेत फेमके व्हान डेन ड्रीश हिच्या सायकलमध्ये लपवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. म्हणजे सायकलिंग पायांची आणि छातीची ताकद मोजतं, ती किती वेळ टिकते हे मोजतं.

आता गोल्फ. याचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मिळतं. केसी मार्टिन या खेळाडूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात आजार होता. त्याने फेरीत चालण्याऐवजी छोटी गाडी वापरू द्या म्हटलं, पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने, नकार दिला. 2001 साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला: चालणं हा गोल्फचा गाभा नाही, फटका मारणं हा आहे. पायांना मदत दिली तरी सामना उरतो. पण हातांना? 1 जानेवारी 2016 पासून पटरचा, म्हणजे जवळून चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीचा, दांडा छातीला किंवा पोटाला टेकवून फटका मारायला बंदी आहे. दांडा अंगाला टेकला की हात थरथरायला जागा कमी मिळते. एवढीशी मदतही गोल्फला चालली नाही. म्हणजे हा खेळ हातांचा नेम मोजतो, आणि दडपणाखाली तो टिकतो का हे मोजतो. तेही शरीराचंच काम. माझ्या मते प्रश्न इथेच सुटला.

पण नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून एक सकाळ काढा. जवळच्या गोल्फ क्लबला फोन करून ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे फटक्यांच्या सरावाची जागा, बाहेरच्यांना खुली आहे का, विचारा. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको. बादलीभर चेंडू घ्या आणि सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याची काठी, मागा. ड्रायव्हर मागू नका; सगळ्यात लांब दांड्याने नवख्याचा नेम लागणं सगळ्यात कठीण. पकड सैल ठेवा. सायकलवाले सवयीने मूठ आवळतात. "वहिनी, दांडा आवळू नका, हे हँडल नाही," असं दीर मला अजूनही बजावतो. मूठ आवळली की मनगट अडकतं आणि ताकद खांद्यातच राहते.

मग मारा आणि नीट बघा. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, जागेवर स्थिर, कुणी तुमच्या अंगावर टाकत नाहीये. तरी आयर्नची खालची कड त्याच्या डोक्यावर बसते आणि तो दहा पावलं घरंगळतो. पुढच्या वेळी आयर्न आधीच मॅटवर आपटते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. चेंडू आणि आयर्न एकमेकांना लागून असतात तो वेळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका, त्यात दुरुस्ती करायला वावच नाही. जे काय बरोबर करायचं ते कंबर, पोट, खांदे, मनगट या क्रमाने आधीच झालेलं असावं लागतं. पीजीए टूरवरच्या खेळाडूंच्या ड्रायव्हरचा वेग चेंडूला लागताना सरासरी ताशी 180 किलोमीटरच्या वर असतो. दुसऱ्या दिवशी बरगड्यांच्या बाजूचे स्नायू बोलतात. घाट चढून आल्यावर ते कधी दुखत नाहीत.

जमल्यास पटिंग ग्रीनवर, म्हणजे पटरच्या सरावाच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरही जा. होलपासून अडीच मीटरवर चेंडू ठेवा, सोबतच्याशी जेवणाची पैज लावा आणि मगच मारा. पैज हवीच, नाहीतर हात थरथरत नाहीत. होल 108 मिलिमीटरचा. या अंतरावरून जगातले सर्वोत्तम खेळाडूही साधारण निम्मेच फटके आत घालतात. भारताची गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चार दिवस, 72 होल खेळली आणि ब्राँझपदक एका फटक्याने हुकून चौथी आली. त्या एका फटक्याचं वजन काय असेल, हे ग्रीनवर उभं राहिल्यावर कळतं.

"श्रीमंतांचा टाइमपास" ही तक्रार वेगळी आहे. जमीन, पाणी, सभासदत्वाची फी यांवर ती खरी आहे आणि ती करावी. पण तिचं उत्तर खेळ आहे की नाही यात मिसळू नका. अली शेर दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूंची काठ्यांची पिशवी वाहणारा, होता, त्याने 1991 ला इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या कोर्सवर ग्रीनची देखभाल करायचे. त्याने 2016 आणि 2017 ला लागोपाठ तीच स्पर्धा जिंकली.

हीच तपासणी उलट्या बाजूनेही करा. "सायकल काय, नुसते पाय फिरवायचे" म्हणणाऱ्या गोल्फरला नांदुरीहून सप्तशृंग गडाच्या घाटात घेऊन या. आमच्याच नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, हे त्याला चढावर सांगा. हलका गिअर आधीच टाकायला लावा, पाण्याच्या दोन बाटल्या द्या, आणि पहिल्या वळणांवर त्याला तुमच्या मागे ठेवा, कारण नवखा माणूस तळाशीच जोर संपवतो. दिराला मी असंच नेलं. वर पोचल्यावर अर्धा तास बसू द्या, आणि उतरायच्या आधी त्याचे ब्रेक स्वतः तपासा.