संस्थेचं काम लोकांना सांगायचंय? आधी ओट्यावर जाऊन बसा

‘आम्ही वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी कार्यरत आहोत.’ हे वाक्य तुमच्या पत्रकात असेल तर आधी खोडा. खोटं नसेल ते, पण नागपूरच्या बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या दुकानदाराकडे वर्गणी मागायला गेलात तर त्यातून त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. उभं राहील असं काही वस्तीतच सापडतं. ते शोधायचं कसं, ते सांगतो.

सुरुवात अडचणीपासून करा. समजा, नागपूरच्या कडेला, नळ न पोहोचलेल्या वस्तीत तुमची संध्याकाळची अभ्यासिका आहे. एप्रिल लागला आणि मुलींची हजेरी निम्म्यावर आली. बैठकीत कोणी म्हणतं, पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. कोणी म्हणतं, जनजागृतीची रॅली काढू. रॅली राहू द्या. चार घरी जा, वही पिशवीतच ठेवा, चहाला नाही म्हणू नका आणि एवढंच विचारा: “ताई, पोरगी काहून नाही येऊन राहिली?”

पहिलं उत्तर बहुधा “असंच” येतं. त्यावर उठून येणारे कार्यकर्ते मी बरेच पाहिलेत. थोडं बसलात तर कळेल की टँकरची वेळ ठरलेली नाही, आई धुण्याभांड्याच्या कामावरून उशिरा परतते आणि गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन रांगेत उभं राहायला घरात मुलगीच असते. शिक्षणाचं महत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे. आडवं येतंय ते पाणी.

उपायही त्याच ओट्यावर विचारा. एखादी बाई म्हणेल, टँकर थांबतो तिथंच कडुनिंबाखाली चटया टाका. रांगेत गुंड राहतील, पोरी शिकत बसतील. कार्यालयातल्या खुर्चीवर हे सुचत नाही. दोन आठवडे करून पाहा, रोजची हजेरी लिहा. नाही जमलं, तर पुन्हा ओट्यावर.

आता गोष्ट तुमच्या हाती आली. एकच मुलगी घ्या, एकच संध्याकाळ, आणि पहिल्या वाक्यात चित्र ठेवा: ‘रांगेत गुंड उभे आहेत आणि त्यांच्या मालकिणी शेजारी बसून अपूर्णांक सोडवताहेत.’ नागपुरातच २००१ साली विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्या कामाची गोष्ट निघाली की पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं आधी आठवतात. संस्थेची उद्दिष्टं आठवतात का कुणाला?

चित्रानंतर हजेरीचा आकडा द्या, आधी नको. मग अजून न सुटलेलं सांगा: पावसाळ्यात कडुनिंबाखाली बसता येणार नाही. इथं बऱ्याच संस्था कच खातात. त्यांना वाटतं, अडचण सांगितली तर देणगीदार बिचकेल. माझ्या मते उलट आहे. मागणी याच फटीतून सरळ निघते: टिनाचं शेड, अंदाजे खर्च, कधीपर्यंत हवं. ‘यथाशक्ती मदत करा’ म्हटलं की समोरचा खिशात सुट्टे चाचपतो.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडे जाताना गोष्ट तीच, फाईल मात्र वेगळी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातून निधी हवा असेल तर संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी (कंपन्यांचा हा सामाजिक निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची नोंदणी) आणि तपासलेले हिशेब लागतात. कागद अपुरे असतील तर कितीही सुंदर गोष्ट टेबलावरच राहते.

फोटोबद्दल एक गोष्ट हट्टानं सांगतो. पालकांची आणि मुलीचीही परवानगी घ्या, तीही फोटो कुठं छापणार हे सांगून. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. तशी मुलं असतील तर नाव, चेहरा, शाळा, घराचा पत्ता काहीच नको. रडका चेहरा तर कुणाचाच नको. मागून काढलेला, पाटीवर वाकलेल्या वेण्यांचा फोटो पुरतो.

छापण्याआधी मजकूर त्या आईला वाचून दाखवा. ती हसून म्हणाली, “आमच्या घरी गुंड नाही जी, डरम हाय,” तर ड्रम लिहा.