आजी-आजोबा गोव्याला कोणत्या गाडीने गेले? आठवणी टिपायची रीत

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये. त्याआधी ठाण्या-मुंबईचा माणूस रेल्वेने गोव्याच्या समुद्रावर जायचा तो पुणे, मिरज, लोंढा, कॅसलरॉक असा घाटावरून. त्यामुळे ऐंशीच्या पुढच्या माणसाला साल विचारू नका, ते हमखास चुकतं. "गाडी कुठे बदललीत?" असं विचारा. पुण्याला बदलली असेल, तर प्रवास 1970 च्या दशकाच्या सुरुवातीआधीचा, कारण तेव्हा पुण्यापुढे मीटर गेज, म्हणजे मुंबईपेक्षा अरुंद रूळ होते. मिरजेला बदलली, तर त्यानंतरचा, कारण मग रुंद रूळ मिरजेपर्यंत आले. कॅसलरॉकला कस्टमवाल्यांनी ट्रंक उघडायला लावली म्हणाले, तर डिसेंबर 1961 च्या आधीचा, कारण तोवर गोवा पोर्तुगीजांचा होता.

वर्गाच्या नावावर अजिबात विसंबू नका. 1955 मध्ये जुना फर्स्ट क्लास गेला, सेकंडचा फर्स्ट झाला आणि इंटरचा (सेकंड आणि थर्डच्या मधल्या वर्गाचा) सेकंड. 1974 मध्ये थर्ड गेला, त्याचाही सेकंड झाला. म्हणजे "सेकंडने गेलो" हे तीन निरनिराळ्या डब्यांबद्दल असू शकतं. त्यापेक्षा बर्थ लाकडी होता की गादीचा, एकावर एक किती बर्थ होते, डब्याचं दार थेट फलाटावर उघडायचं की आत बोळ होता, वळकटी कोणी बांधली, फिरकीचा तांब्या कुठल्या स्टेशनवर भरला, हे विचारा. हाताने केलेलं काम माणसाला जास्त आठवतं.

नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. एकजण तारखा दुरुस्त करत बसतो, दुसरा गप्प होतो; आणि डब्यातलं खाणं, पोरांची झोप हे बहुधा त्या गप्प बसणाऱ्याकडेच असतं.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. घोडबंदर रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्याकडची खोली टाळा, पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाकून घडी घातलेल्या पंच्यावर, बोलणाऱ्यापासून वीतभर-दीडवीत अंतरावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक ठोका आत येतो. मोनो वेव्ह फाइल (एकाच चॅनलची, आवाज न दाबता साठवणारी) मिनिटाला साधारण 5 एमबी घेते, चाळीस मिनिटांच्या बैठकीला 200 एमबी मोकळे हवेत. त्याहून लांब बैठक नको. आवाज थकतो आणि उत्तरं "हो, तसंच काहीतरी" वर येतात. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जुनं पुठ्ठ्याचं तिकीट निघालं, तर चांदी! त्यावरची तारीख बहुतेक शाईची नसते, यंत्राने दाबून उमटवलेली असते, म्हणून सपाट स्कॅनमध्ये ती दिसतच नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च तिकिटाच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. सावलीत आकडे उठून येतात. त्याच स्थितीत फोटो काढा. मागची बाजूही घ्या, कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतं. तिकीट लॅमिनेट मात्र करू नका: उष्णतेने आणि दाबाने तो ठसाच बसून जातो. कागदी पाकिटात घालून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पुडी पावसाळ्याआधी बदला.