कपाशीच्या फवारणीतील विषबाधा : ओळख आणि रुग्णालयापर्यंतची वेळ

भाद्रपद-आश्विनात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी पात्या-फुलांवरून बोंडांवर येते, पीक खांद्याला लागते आणि तुडतुडे, पांढरी माशी व गुलाबी बोंडअळीसाठी फवारण्यांना जोर चढतो. दमट उकाडा, कोंडलेली हवा आणि उंच झाडांवर वर धरलेले नोझल या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की औषधाचा तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर उतरतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांविषयी दरवर्षी सांगितले जातेच. म्हणून येथे विषबाधा झालीच तर ती ओळखावी कशी आणि दवाखाना गाठेपर्यंत काय करावे, एवढेच सविस्तर दिले आहे.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात, त्यामुळे नसांकडून ग्रंथींना व स्नायूंना जाणारा संदेश थांबतच नाही. परिणामी दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ व डोळ्यांना पाणी सुटते, मळमळ, उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात, नजर अंधुक होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात आणि पापण्या, गाल किंवा मांड्यांचे स्नायू कातडीखाली आपोआप फुरफुरताना दिसतात. छातीत घुरघुर ऐकू येऊ लागली तर फुफ्फुसांत स्राव साचत आहे असे समजावे. या विषबाधेत जीव जातो तो बहुधा श्वास बंद पडून. कातडीवाटे विष भिनायला काही तास लागत असल्याने दिवसभर ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी अंघोळ करून जेवायला बसल्यावर कोसळू शकतो, आणि घरचे ‘ऊन लागले’ किंवा ‘दारू घेऊन आला असेल’ म्हणून त्याला झोपवून ठेवतात. उष्माघातात अंग भाजल्यासारखे तापते, पण लाळ गळत नाही आणि बाहुल्या अशा बारीक होत नाहीत. मात्र बाहुल्या बारीक नाहीत म्हणून विषबाधा नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांत चेहऱ्याला मुंग्या येणे व आग होणे हीच लक्षणे आधी दिसतात, आणि शेतावरच्या ड्रममध्ये दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असली की चित्र आणखी गोंधळाचे होते.

लक्षण दिसताच फवारणी थांबवून माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यास थुंकायला लावावा, सर्व कपडे उतरवावेत, प्रसंगी कापून काढावेत, आणि केस, कानांमागचा भाग, काखा, जांघा व नखे यांसह संपूर्ण अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत औषध गेले असल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. धुणाऱ्याने रबरी मोजे घालावेत. ते नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. माणूस बेशुद्ध असेल तर त्याला डाव्या कुशीवर ठेवून तोंडातील लाळ पुसत राहावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. विष पोटात गेले असले तरी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये, कारण ‘ईसी’ (पाण्यात टाकताच दुधाळ होणारे तेलकट द्रावण) प्रकारच्या औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते आणि ते उलटीबरोबर फुफ्फुसांत शिरते. दूध आणि तूपही देऊ नये.

रुग्णाबरोबर औषधाच्या बाटल्या किंवा पाकिटे, मिश्रणात जितकी होती तितकी सगळी, पिशवीत बांधून न्यावीत. निदान लेबलांचे फोटो तरी मोबाइलमध्ये असावेत. ‘पांढरे औषध होते’ एवढ्यावर डॉक्टरांचे काम भागत नाही. ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये ज्याचा भरवसा आहे ते ॲट्रोपिन पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा ठरत नाही. पॅराक्वाटमध्ये तर विनाकारण दिलेला ऑक्सिजनही फुफ्फुसांचे नुकसान वाढवतो, आणि रुग्ण पहिले एक-दोन दिवस बोलताचालता असला तरी त्याला घरी थांबवणे धोक्याचेच असते. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांना आणि नातेवाईकांनाही चोवीस तास उपलब्ध आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपिन सुरू करता येईल का, हे नातेवाईकांनी निःसंकोच विचारावे. छाती मोकळी होईपर्यंत दर पाचेक मिनिटांनी मात्रा दुप्पट करण्याची पद्धत असल्याने इंजेक्शनांची संख्या पाहून बाहेरची मंडळी घाबरतात. मात्रा जास्त झाल्यास रुग्ण बडबडतो, नळ्या ओढतो, आणि तसे दिसले की लगेच परिचारिकेला सांगावे. रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी उपयोगी असते, पण तिच्या अहवालासाठी उपचार थांबवले जात नाहीत. सर्वांत जास्त फसगत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. घाम-लाळ थांबलेली असते, रुग्ण चहा मागतो आणि घरचे स्वतःच्या जबाबदारीवर त्याला घेऊन जायला निघतात. नेमके याच काळात, म्हणजे २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. उशीवरून डोके उचलता येत नसेल तर तो थकवा समजू नये.

औषध जाणूनबुजून घेतले गेले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. मनाच्या आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. घरात उरलेली औषधे कुलपात आणि किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असावी.

घरी परतल्यावरही विकराची पातळी पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे त्या हंगामातील उरलेल्या फवारण्या दुसऱ्याकडे सोपवाव्यात आणि पुन्हा पंप पाठीला लावण्यापूर्वी कोलिनेस्टरेजची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.