तारांकित प्रश्नाची माती करणाऱ्या या चुका टाळा

विधिमंडळाच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की आमदारांच्या कार्यालयांत एकच धांदल उडते. व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्रांची कात्रणं फिरायला लागतात, कुणीतरी मागच्या वर्षीची फाइल उघडून फक्त गावाचं नाव बदलतं आणि मुदत संपता संपता ढीगभर प्रश्न ऑनलाइन ढकलले जातात. हवा असतो तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून द्यावं लागतं तो. मग छापील उत्तरांत "हे खरे नाही" आणि "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच आलं की मंत्र्यांच्या नावाने शंख. मंत्री काही धुतल्या तांदळासारखे नसतात, हे मान्य. पण निम्म्या वेळा त्यांना सुटायची वाट आपणच मोकळी करून दिलेली असते. प्रश्नांचे मसुदे लिहिणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

"खरे आहे काय"वर सगळा डोलारा उभा करणं

साचा सगळ्यांना पाठ असतो. "सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग (१) अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? साच्यात वाईट काही नाही. गोम एवढीच की बाकीचे तिन्ही भाग पहिल्या भागाला लटकलेले असतात. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं की खालचे आपोआप गळून पडतात.

आणि हा पहिला भाग आधी कोण वाचतं? मंत्री नाही. प्रश्न संबंधित विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो, तो जिल्ह्याकडून अहवाल मागवतो, आलेल्या अहवालावर उत्तराचा मसुदा करतो आणि मग तो मसुदा वर वर चढत मंत्र्यांपर्यंत पोचतो. कक्ष अधिकारी तुमचं वाक्य वकिलासारखं वाचतो. त्यातला एक आकडा, एक तारीख, एक क्रियापद जरी जागेवर नसलं तरी "हे खरे नाही" लिहायला त्याला पूर्ण मुभा आहे. तो खोटंही बोलत नसतो.

एका आमदारांकडे नवा आलेला मुलगा होता. हुशार, पण भारी घाईचा. मतदारसंघातल्या एका गावाची नळपाणी योजना रखडलेली आणि पेपरात मथळा: ४२ लाख खर्चूनही गाव तहानलेलं. त्याने लिहिलं, "सदर योजनेवर ४२ लाख रुपये खर्च होऊनही माहे मे मध्ये गावास पाणीपुरवठा झालेला नाही, हे खरे आहे काय?" मी त्याला म्हटलं, अरे, हा आकडा प्रशासकीय मान्यतेचा, म्हणजे मंजूर रकमेचा असणार. प्रत्यक्ष देयकं किती गेली ते उपअभियंत्याला एक फोन करून विचार. तर म्हणे, "साहेब, पेपरात आलंय ना."

प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारला गेला, यादीत वरच्या क्रमांकावर लागला. एवढं नशीब नव्या आमदाराच्या वाट्याला सहजी येत नाही. उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." चौकशी केली तेव्हा कळलं की देयकं छत्तीस लाखांच्या आसपास गेली होती, म्हणजे ४२ लाख "खर्च" झालेच नव्हते. दुसरं म्हणजे मे महिन्यात गावात टँकर आले होते, म्हणजे "पाणीपुरवठा" झालाच होता! नळाला थेंब नव्हता, पण नळ हा शब्द प्रश्नात होता कुठे? उत्तर अक्षरशः बरोबर होतं. आमदार सभागृहात उभे राहून तावातावाने बोलले, मंत्र्यांनी शांतपणे "माहिती तपासून घेतो" म्हटलं आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. ठेकेदाराच्या केसालाही धक्का लागला नाही.

त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. "होऊनही" घालून दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या, म्हणजे एक चुकली की दुसरीही बुडाली. आणि जो आकडा सरकारकडून काढून घ्यायचा, तो आपणच सांगून मोकळे झालो.

मी असा प्रश्न लिहितो: (१) योजनेस कोणत्या दिनांकास व किती रकमेची प्रशासकीय मान्यता देण्यात आली, (२) आजअखेर ठेकेदारास किती रकमेची देयके अदा करण्यात आली, (३) आजअखेर नळजोडणीद्वारे प्रत्यक्ष किती घरांना पाणी मिळते, (४) काम मुदतीत पूर्ण नसल्यास ठेकेदारास किती दंड आकारला व वसूल केला? यातल्या कशालाच "नाही" म्हणून सुटता येत नाही. फार तर "माहिती घेण्यात येत आहे" येईल. ते टाळायला मी "खरे आहे काय"चा एकच भाग ठेवतो आणि तोही अशा गोष्टीचा, जिचा कागद माझ्या हातात असतो: कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेचं पान, माहिती अधिकारात मिळालेलं पत्र. कागद नसेल तर तो भाग लिहीत नाही. यात वेळ जातो. ज्यांना वेळ नाही त्यांनी प्रश्न कमी टाकावेत.

वर्तमानपत्राचं कात्रण हा पुरावा समजणं

कात्रणावरून प्रश्न सुचावा, लिहू नये. वर सांगितलंच.

चुकीच्या खात्याला विचारणं

एकच रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, कधी जिल्हा परिषदेचा म्हणजे ग्रामविकासाचा, तर कधी नगरपालिकेचा म्हणजे नगरविकासाचा. प्रश्न एका खात्यातून दुसऱ्याकडे हस्तांतरित होतो तोवर त्या खात्याचा प्रश्नोत्तरांसाठी ठरलेला वार निघून गेलेला असतो. रस्त्याचा दर्जा आधी विचारा: राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग की ग्रामीण मार्ग. पाच मिनिटांचं काम आहे.

तरतूद, वितरण आणि खर्च यांची खिचडी

हे माझं खास दुखणं. "शासनाने किती निधी दिला?" या प्रश्नाला अर्थच नाही. अर्थसंकल्पात दाखवली ती तरतूद. वित्त विभागाने त्यातली जी रक्कम वापरायला मोकळी केली, ते वितरण. कोषागारातून जी बाहेर पडली, तो खर्च. आणि प्रत्यक्ष जागेवर झालेलं काम ही चौथीच गोष्ट. तुम्ही ढोबळ विचारलंत की मंत्री चारांपैकी सगळ्यात मोठा आकडा वाचून दाखवतात आणि बाकं वाजतात. तो आकडा बहुतेक वेळा तरतुदीचा असतो.

तरतूदही एका जागी थांबत नाही. २०२४-२५ चा अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जून २०२४ रोजी विधिमंडळात मांडला गेला आणि त्याच पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्याही, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्याही आल्या. त्यामुळे "चालू वर्षी तरतूद किती" याचं जूनमधलं उत्तर आणि डिसेंबरमध्ये नागपूरला मिळणारं उत्तर वेगळं असू शकतं, आणि दोन्ही खरी असतात. वर्षाच्या शेवटी पुनर्विनियोजनात एका लेखाशीर्षातली (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या ठरावीक शीर्षातली) बचत दुसरीकडे वळते, तेव्हा तर मूळ आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

"खर्च झाला" यावरही लगेच विश्वास ठेवू नका. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून तो कोषागारातून काढून वैयक्तिक ठेव खात्यात टाकायचा, ही जुनी युक्ती आहे. हिशेबात खर्च शंभर टक्के आणि जागेवर खड्डासुद्धा खणलेला नाही. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या ठेव खात्यांचा आणि थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांचा (निधी ठरल्या कामावर वापरल्याच्या दाखल्यांचा) विषय पुन्हा पुन्हा येतो. ते अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, तेव्हा सदस्यांचं लक्ष परतीच्या गाडीकडे असतं. तुम्ही ते सुट्टीत वाचा. पुढच्या अधिवेशनाचे निम्मे प्रश्न तिथेच तयार मिळतात.

माझी सवय अशी: पैशाचा प्रश्न असला की आधी लेखाशीर्ष शोधायचं आणि प्रश्नातच लिहायचं. मग मूळ तरतूद, सुधारित तरतूद, वितरित निधी, प्रत्यक्ष खर्च आणि उपयोगिता प्रमाणपत्र मिळालेली रक्कम, अशी क्रमाने मागणी. प्रत्येकापुढे "दिनांक अमुकअखेर". तारीख घातली नाहीत तर ज्या तारखेला आकडा चांगला दिसतो, त्या तारखेचा आकडा मिळेल.

पुरवणी मागण्यांवर बोलतानाही तेच. जुनी मंडळी "पान क्रमांक अमुक, बाब क्रमांक अमुक" म्हणूनच तोंड उघडायची, कारण मग मंत्र्यांना त्या बाबीवर बोलणं भाग पडायचं. हल्ली लोक पुस्तिका न उघडता मतदारसंघातल्या सगळ्या मागण्या एका दमात वाचून दाखवतात. त्याची क्लिप छान होते.

दहा वर्षांची, राज्यभरातली माहिती मागणं

"गेल्या दहा वर्षांत राज्यात एकूण किती..." असं सुरू झालं की पुढचं न वाचता मी सांगतो, उत्तर "माहिती संकलित करण्यात येत आहे". एक जिल्हा, दोन वर्षं. बास.

"दोषींवर कारवाई करणार काय?"

"चौकशीअंती उचित कार्यवाही करण्यात येईल." झालं समाधान? चौकशी अधिकारी कोण, नेमणूक कधी, अहवाल कोणत्या तारखेला सादर झाला, हे विचारा.

उपप्रश्नाला भाषण ठोकणं

प्रश्नोत्तराचा तास एकच. त्यात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाला उपप्रश्न नसतात, तारांकिताला असतात, म्हणूनच तर तारांकितासाठी मारामारी. एवढं करून उभं राहायची वेळ येते तेव्हा आमचे सदस्य "अध्यक्ष महोदय, हा अत्यंत गंभीर विषय आहे" इथून सुरू करतात, दोन मिनिटं पार्श्वभूमी सांगतात आणि शेवटी एकदम चार प्रश्न विचारतात. मंत्री चारांतला सगळ्यात सोपा उचलतात. तेवढ्या वेळात अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येऊन पोचते. म्हणजे भाषण करून आपणच त्यांना चिठ्ठी मिळेपर्यंतचा वेळ दिला.

उपप्रश्न एका श्वासात संपला पाहिजे आणि तो छापील उत्तरातल्या शब्दावर बेतलेला हवा. "उत्तरात 'अंशतः खरे आहे' म्हटलंय. कोणता अंश खरा?" असा साधा उपप्रश्न भल्याभल्यांची पंचाईत करतो. "हे अंशतः खरे आहे" दिसलं की मला तरी आनंद होतो. आत काहीतरी दडलेलं असतं.

चिकाटीने विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण संसदेच्या इतिहासात आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा विषय लोकसभेत आधी प्रश्नातूनच आला. पहिल्या उत्तरांनी समाधान झालं नाही, सदस्यांनी पिच्छा सोडला नाही. फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचे, तरी त्यांनीच तपशील मांडून सरकारला घेरलं. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. रक्कम होती सव्वा कोटीच्या आसपास. आज तेवढ्या रकमेच्या प्रश्नाकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

प्रश्न दुसऱ्याकडून लिहून घेणं

ठेकेदार, पुरवठादार, बदली हुकलेला अधिकारी, सगळे आयता मसुदा घेऊन येतात. त्यात आकडे चोख असतात, म्हणून मोह होतो. आधी बघा, प्रश्न लागला तर फायदा कुणाचा आणि ऐनवेळी सदस्य गैरहजर राहिले तर कुणाचा. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेने एका झटक्यात ११ खासदारांना घरी पाठवलं होतं.

मोबाइलवर यंत्राकडून प्रश्न लिहून घेण्याचीही आता टूम निघाली आहे. भाषा गुळगुळीत, पण गाव, तारीख, लेखाशीर्ष यांपैकी एकही नाही. कक्ष अधिकारी अशा प्रश्नांवर खूश असतात.

भलतंच आयुध उपसणं

तातडीचा विषय असेल तर विधानसभेच्या नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, धोरणाचा असेल तर नियम २९३ ची चर्चा, आकडेवारी हवी असेल तर प्रश्न. सगळं औचित्याच्या मुद्द्यावर रेटू नका. तिथे मंत्री लगेच उत्तर द्यायला बांधील नसतात.

उत्तर आल्यावर फाइल बंद करणं

मंत्र्यांनी सभागृहात "तीन महिन्यांत काम पूर्ण करू" म्हटलं की ते आश्वासन होतं आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. पण कार्यवृत्तातून (सभागृहातल्या बोलण्याच्या अधिकृत नोंदीतून) ते वाक्य काढून, तारीख लिहून ठेवायला नको का? मी एक साधी वही ठेवतो: प्रश्न क्रमांक, उत्तरातलं नेमकं वाक्य, मुदत. अतारांकित प्रश्नांची उत्तरं उशिरा छापून येतात, तीही त्याच वहीत. आणि प्रत्येक उत्तराची एक प्रत ज्या गावाचा प्रश्न होता तिथल्या सरपंचाला पाठवतो. उत्तरातला कोणता आकडा खोटा आहे, ते दोन दिवसांत त्याचा फोन येऊन कळतं आणि पुढच्या अधिवेशनाचा पहिला प्रश्न तिथून लिहायला घेता येतो.